कशेडीच्या अलीकडे

मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचे आहे. पोलादपूर मागे पडते, कशेडीचा चढ सुरू होतो आणि चार-सहा वळणे झाली की रस्त्याच्या कडेला एखादी गाडी बॉनेट उघडून उभी दिसते. बायका-मुले झाडाच्या सावलीला बसलेली असतात. एकजण पाण्याची बाटली घेऊन इंजिनात डोकावत असतो, दुसरा मोबाइलला रेंज मिळते का ते पाहत असतो. मुंब्रा, कुर्ला, जोगेश्वरी, नागपाडा इथून खेड, दापोली, मंडणगड, चिपळूणकडे निघालेली ही आपलीच माणसे. सुट्टी आणि लग्नसराई एकाच वेळी आलेली असते, रेल्वेचे तिकीट मिळालेले नसते आणि घरची गाडी बहुधा जुनी असते; कधी वडिलांनी हप्त्यांवर घेतलेली, कधी आखातातून परतलेल्या चाचांनी जाताना पुतण्याला दिलेली.

गावी पोहोचल्यावर सगळे म्हणतात, ‘घाटाने गाडी तापवली.’ हे अर्धेच खरे आहे. कशेडीच्या चढावर इंजिनाला सर्वांत जास्त मेहनत पडते, म्हणून दुखणे तिथे उघडे पडते. पण लक्ष देणाऱ्याला ते पनवेलपासूनच कळू लागते. हा रस्ताच असा आहे की तो गाडीची एकेक तपासणी क्रमाने घेतो. आधी पळस्प्याची वाहनकोंडी, मग कर्नाळ्याची छोटी खिंड, पेणपासून नागोठण्यापर्यंतची सपाटी, सुकेळीची खिंड, कोलाड-माणगाव-महाडचा लांब पट्टा आणि शेवटी रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेवरचा कशेडी घाट. गाडी नेमकी कोणत्या ठिकाणी तापली, यावरून तिला काय झाले आहे याचा बराचसा अंदाज येतो.

हे मी शिकले ते माझ्या मामूंकडून, 2022 च्या मे महिन्यात. ईद होऊन दोन आठवडे झाले होते. मामूंच्या नातीचा निकाह खेड तालुक्यातल्या गावी होता. अम्मीच्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन तीनच महिने झाले होते, त्यामुळे रेल्वेचे जिने चढणे-उतरणे तिला शक्य नव्हते. म्हणून मामूंची जुनी, तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी काढायचे ठरले. चालवणार मी, शेजारच्या सीटवर मामू, मागे अम्मी आणि माझी दोन मुले.

मामूंनी बावीस वर्षे मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली. त्या गाडीचा पंखा पट्ट्यावर फिरायचा, आमच्या गाडीचा विजेवर फिरतो, एवढा फरक सोडला तर पाण्याचा खेळ तोच, असे ते म्हणतात. टॅक्सीच्या दिवसांपासून त्यांच्या खिशात एक छोटी वही असते. पेट्रोल किती भरले, कुठे काय आवाज आला, काटा कुठे होता, सगळे त्यात लिहिलेले.

या गाडीची आणखी एक कथा होती. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा मामू तिथे मुलीकडे होते आणि गाडी अंगणात उभी होती. पाणी बॉनेटच्या वर गेले. पुढे ती ट्रकवर चढवून मुंबईला आणली, इंजिन धुतले, तेले बदलली, वायरिंग दुरुस्त केले. त्यानंतर ती फक्त शहरात, बाजार आणि दवाखान्यापुरती फिरली. पुरानंतरचा हा तिचा पहिलाच घाट होता.

निघण्याच्या दिवशी फजरनंतर मामू खाली उतरले. रात्री त्यांनी इंजिनाखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवला होता. तो बाहेर काढून उजेडात पाहिला, कोरडा होता. म्हणजे थेंब थेंब गळती नाही. मग रेडिएटरचे झाकण उघडले. ‘हे झाकण दिवसात एकदाच उघडायचं, सकाळी, इंजिन थंडगार असताना,’ ते म्हणाले. पाणी तोंडापर्यंत होते आणि हिरवा रंग स्वच्छ होता. गंजाचा तांबूस रंग दिसला असता तर आतल्या नळ्या खराब झाल्याची शंका घ्यावी लागली असती. बाजूच्या बाटलीतली पातळीही दोन खुणांच्या मध्ये होती.

त्यांनी रबरी पाइप बोटांनी दाबून पाहिले. चांगला पाइप दाबल्यावर दबतो आणि पुन्हा फुगतो. फार कडक झालेला पाइप तडकतो, आणि स्पंजासारखा मऊ पडलेला पाइप पंपाच्या ओढीने आत चिपकून पाण्याची वाट बंद करतो. मग इंजिन ऑइल भरायचे झाकण उलटे करून पाहिले. तिथे दुधाळ, कॉफीच्या फेसासारखा थर दिसला तर पाणी तेलात मिसळत असू शकते. अर्थात, फक्त जवळपास फिरणाऱ्या गाडीत थोडा थर वाफेमुळेही येतो, म्हणून डिपस्टिकवरचे तेलही पाहायचे. दोन्ही स्वच्छ होते.

शेवटी झाकण उघडेच ठेवून मला गाडी सुरू करायला लावली. रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे येऊ लागले तर हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमधला वायू पाण्यात जात आहे असे समजावे. बुडबुडे आले नाहीत. झाकण लावून मामूंनी वरच्या पाइपवर हात ठेवला. काही मिनिटे तो गारच राहिला, मग एकाएकी गरम झाला. ‘थर्मोस्टॅट उघडला,’ ते म्हणाले आणि वहीत खूण केली.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलेले नाही त्यांच्यासाठी इथे थोडे सांगायला हवे. पेट्रोल जळून जी शक्ती निर्माण होते, तिचा साधारण एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. उरलेली बहुतेक उष्णता असते. काही धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते आणि जवळपास तेवढीच पाण्याला वाहून न्यावी लागते. पंप हे पाणी सिलिंडरच्या भोवती फिरवतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते. बहुतेक गाड्यांत ती 82 ते 88 अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागते. मग गरम पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते, नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या जाळीतून हवा जाते आणि पाणी थंड होऊन परत इंजिनात येते.

म्हणजे बिघाडाच्या वाटा मुख्यतः चार. पाणी कमी असणे, पाणी न फिरणे, पाणी फिरूनही त्याची उष्णता बाहेर न जाणे, किंवा हेड गॅस्केटमुळे सिलिंडरची आग थेट पाण्यात शिरणे. पहिल्या आणि चौथ्या वाटेवर मामूंनी सकाळीच फुली मारली होती. थर्मोस्टॅट उघडत होता, म्हणजे दुसऱ्या वाटेची शंकाही कमी झाली. उरलेले रस्ता सांगणार होता.

पळस्प्याला अपेक्षेप्रमाणे कोंडी लागली. उन्हे वर आली होती, ट्रकच्या मागे ट्रक उभे होते. उभ्या गाडीला वाऱ्याची मदत नसते, सगळी भिस्त विजेच्या पंख्यावर. कोंडीत काटा चढतो आणि गाडी धावू लागली की खाली येतो, असे झाले तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. त्याचा फ्यूज, रिले, मोटर किंवा त्याला हुकूम देणारा तापमानाचा स्विच यांपैकी काहीतरी गेलेले असते. आमचा पंखा मात्र सुरू झाला, त्याचा आवाज आत ऐकू येत होता. मी निश्चिंत झाले.

मामू घड्याळ पाहत होते. पंखा जवळपास पाच मिनिटे चालला, जेमतेम मिनिटभर बंद राहिला आणि पुन्हा सुरू झाला.

‘चालतोय ना मामू?’

‘चालतोय बेटा, पण दमतोय,’ ते म्हणाले आणि वहीत लिहिले.

कर्नाळ्याचा सुळका डाव्या हाताला दिसू लागला तशी मुले खिडकीला चिकटली. अभयारण्यातली झाडे रस्त्यावर सावली धरतात, तिथला चढही लहान. काटा मध्यापेक्षा किंचित वर गेला आणि पुढे उतारावर जागेवर आला. पेण आले. रस्त्याच्या कडेला पोह्यांच्या पापडांची दुकाने, आतल्या गल्ल्यांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने. वडखळचा नाका ओलांडून नागोठण्याकडे निघालो. या सपाटीवर ताशी साठच्या वेगाला काटा अगदी मध्यावर, हलायला तयार नाही.

ही खूणही महत्त्वाची आहे. सपाट रस्त्यावर, चांगल्या वेगात, समोरून भरपूर वारा येत असताना गाडी तापली, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटरच्या नळ्या आतून गाळाने भरल्या आहेत असे धरावे. पंखा तिथे दोषी नसतो, कारण त्या वेगाला त्याची गरजच नसते. आमची गाडी या परीक्षेत पास झाली.

नागोठण्यानंतर सुकेळीची खिंड लागली. पुढे लाकडाने भरलेला ट्रक, ओव्हरटेकला जागा नाही. दुसऱ्या गिअरवर हळूहळू चढताना काटा मध्य सोडून पाऊणपर्यंत गेला. मामूंनी एसी बंद केला, खिडक्या खाली करायला लावल्या आणि हीटर पूर्ण उघडला. मे महिन्यात हीटर! मुलांनी ओरडा केला, अम्मीने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. पण हीटर म्हणजे गाडीतला दुसरा लहान रेडिएटरच. इंजिनाची काही उष्णता त्यातून आपल्या अंगावर येते आणि इंजिनाचा भार तेवढा कमी होतो. खिंडीच्या माथ्यावर काटा थांबला आणि उतारावर परत मध्यावर आला.

मामूंनी तीन ओळी लिहिल्या: कोंडीत पंखा दमतो. सपाटीला ठीक. सावकाश चढावर तापते.

कोलाडला कुंडलिकेच्या पुलावरून जाताना मी विचारले, ‘काटा परत आलाय. असेच हळू हळू कशेडी चढून जाऊ ना?’

‘सुकेळी दहा मिनिटांत संपली म्हणून काटा पाऊणवर थांबला. कशेडी दहा मिनिटांत संपत नाही.’

‘पण उशीर होईल. आज संध्याकाळी मेंदी आहे.’

‘आपण पोहोचलो नाही तरी मेंदी रंगेल. घाटात इंजिन बसलं तर तुझ्या अम्मीला कोण उचलून नेणार? महाडला थांबू.’

मागून अम्मी म्हणाली, ‘भाई बरोबर बोलतोय.’ विषय संपला.

माणगाव, लोणेरे करत महाडच्या अलीकडे हमरस्त्यालगतच्या एका लहानशा गॅरेजपाशी गाडी उभी केली. पनवेल सोडून सुमारे 120 किलोमीटर झाले होते. मेकॅनिक पंचविशीतला मुलगा होता. मी म्हटले, ‘गाडी गरम होते.’ तो लगेच म्हणाला, ‘थर्मोस्टॅट काढून टाकतो मॅडम, घाटात टेन्शन नको.’

हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो आणि पुष्कळ जुन्या गाड्या थर्मोस्टॅटशिवाय फिरत असतात. झडप अडकून बसली असेल तर ती काढल्याने गाव गाठता येते, पण तो कायमचा उपाय नाही. थर्मोस्टॅट काढलेले इंजिन सपाटीवर पुरेसे गरम होत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि आतून लवकर झिजते. शिवाय खरा आजार वेगळा असेल तर तो तसाच राहतो.

मामूंनी त्याला काही सुनावले नाही. वही उघडून त्याच्या हातात दिली. मुलाने सकाळच्या नोंदी वाचल्या, मग त्या तीन ओळी. त्याचा चेहरा बदलला.

‘बाबा, थर्मोस्टॅट उघडतो हे तुम्ही बघितलंय. मग त्याला हात नाही लावत. हवेचा प्रॉब्लेम दिसतो.’

इंजिन चालूच होते आणि पंखा फिरत होता. त्याने वर्तमानपत्राचा पानाएवढा तुकडा फाडला आणि समोरच्या जाळीला लावून सोडला. या गाडीचा पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा आत ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटून राहायला हवा होता. तो घसरून खाली पडला. त्याने पुन्हा लावला, पुन्हा पडला. पंखा पूर्ण जोरात फिरत होता, पण हवा आत जातच नव्हती.

‘गाडी पुरात होती का?’ त्याने विचारले. त्याच्या मागच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर मातकट रेघ होती. चिपळूण बुडाले त्याच दिवशी महाडही पाण्यात होते. ‘आमच्याकडे अजून येतात पुराच्या गाड्या.’

इंजिन बंद करून तासभर थंड होऊ द्यायचे ठरले. मामू आणि माझा मुलगा जुहरच्या नमाजला जाऊन आले. आम्ही गॅरेजमागच्या आंब्याखाली चटई पसरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी काढली. मेकॅनिकलाही एक भाकरी दिली. मुलीने विचारले, महाडमध्ये पाहण्यासारखे काय आहे? मी तिला चवदार तळ्याविषयी सांगितले. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह त्या तळ्याचे पाणी हातात घेतले, कारण ते पाणी पिण्याचा हक्क त्यांना नाकारला गेला होता. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तेव्हा जागा मिळेना, आणि फत्तेखान नावाच्या इथल्याच एका मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. मुलगी म्हणाली, ‘परत येताना तळे बघू या.’

तासाभराने मेकॅनिकने पुढची जाळी काढली. या गाड्यांत रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. दोघांच्या मध्ये बोटभर फट. त्याने गॅसच्या नळ्या न उघडता कंडेन्सरचे नट सैल करून तो पुढे ओढला आणि आम्हाला बोलावले. रेडिएटरच्या जाळीचा खालचा अर्ध्याहून अधिक भाग वाळलेल्या बारीक गाळाने लिंपलेला होता, त्यात गवताच्या काड्या आणि मेलेले किडे. वाशिष्ठीचा गाळ दहा महिने तिथे बसून होता. समोरून पाहिले तर गाडी स्वच्छ, मागून पाहिले तर पंख्याच्या आड काही दिसत नाही. शहरात पाच-सहा किलोमीटर धावणाऱ्या गाडीला वरचा अर्धा रेडिएटर पुरत होता. पंखा जास्त वेळ चालायचा, पण त्याकडे कोण लक्ष देतो?

त्याने साध्या पाइपने, कमी जोराच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने पुढे असे धुतले. गाळ ज्या बाजूने आला त्याच बाजूने परत बाहेर काढायचा. प्रेशरच्या फवाऱ्याने जाळीचे नाजूक पत्रे वाकतात आणि हवेची वाट आणखी बंद होते. लाल पाणी वाहत राहिले, मग फिकट झाले, मग स्वच्छ. त्याने रेडिएटरच्या झाकणाचे रबर आणि स्प्रिंगही तपासली. झाकणावर 0.9 चा आकडा होता. हे झाकण पाण्यावर दाब राखते आणि त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही, जवळपास 120 पर्यंत तग धरते. रबर फाटले तर पाणी पुरेसे असूनही गाडी उकळते. आमचे झाकण ठीक होते.

सगळे जोडून गाडी सुरू केली आणि पंखा लागण्याची वाट पाहिली. पंखा लागला. मेकॅनिकने कागद लावला. तो जाळीला असा चिकटला की मुलांनी टाळ्या वाजवल्या. मिनिटभरात पंखा आपोआप बंद झाला. मजुरी 600 रुपये झाली. मामूंनी 700 दिले आणि मुलाचा नंबर वहीत लिहून घेतला.

पोलादपूर ओलांडून कशेडी चढू लागलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, करवंदे विकणाऱ्या बायका वळणावळणावर. दुसरा-तिसरा गिअर, एसी बंद. काटा मध्याच्या किंचित वर जाऊन थांबला आणि तिथेच राहिला.

अर्धा चढ झाला असेल, एका रुंद वळणावर जुनी डिझेल जीप उभी होती. बॉनेटमधून वाफ येत होती. विशीतला एक मुलगा हातात ओला टॉवेल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे वाकला होता. मामूंनी खिडकीतूनच हाक मारली, ‘बाळा, थांब! हात मागे घे!’ मी गाडी कडेला घेतली.

मामू उतरून त्याच्यापाशी गेले. आतले पाणी शंभर अंशांच्या वर असते आणि केवळ दाबामुळे पाणी म्हणून राहिलेले असते. झाकण फिरवले की दाब जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ते तोंडावर, छातीवर उडते. टॉवेल त्यातून वाचवत नाही. टॅक्सी स्टँडवर असे भाजलेले चेहरे मामूंनी पाहिले आहेत. जीपमध्ये मागे एक म्हातारी आणि दोन बायका होत्या. मामूंनी त्यांना आधी लांब सावलीत बसवले.

मग मुलाला विचारले, ‘काटा हळूहळू चढला की एकदम?’

‘एकदम, चाचा. पाच मिनिटांत.’

‘त्याआधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला होता?’

मुलाने आठवून मान हलवली. ‘हो, लागला होता. मला वाटलं बॅटरी जुनी आहे.’

‘मग झाकण उघडून काय मिळणार? पट्टा बघ.’

मुलाने वाकून पाहिले. पट्टा तुटून खाली लोंबत होता. त्या जीपमध्ये एकाच पट्ट्यावर वॉटर पंप, पंखा आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरतात. पट्टा तुटला की बॅटरीचा दिवा लागतो आणि पाणी जागीच थांबते. अशा वेळी पुढे एक किलोमीटरही जायचे नाही. त्यांच्यातला एकजण मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून पोलादपूरला पट्टा आणायला गेला. निघताना मामूंनी पुन्हा बजावले: तासभर तरी झाकणाला हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. गरम धातूवर एकदम गार पाणी पडले की हेड वाकते किंवा तडकते, आणि शे-दोनशेच्या पट्ट्याचे काम हजारोंवर जाते. इंजिन निवल्यावर, ते चालू ठेवून, पाणी थोडे थोडे घालायचे.

घाट उतरून भरणे नाक्यावर आलो तेव्हा मगरिबची वेळ होत आली होती. जगबुडीच्या पुलावरून गार वारा आला. मेंदीला आम्ही उशिराने का होईना, पोहोचलो. दुसऱ्या दिवशी निकाह झाला, अलहम्दुलिल्लाह. अम्मी खुर्चीवर बसून सगळ्यांचे सलाम घेत होती.

आता कशेडीला बोगदा झाला आहे आणि त्या लांब चढाची धास्ती पूर्वीइतकी उरलेली नाही. पण चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली आहे, रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाट आहे, महाडहून भोरकडे वरंध आहे. जुनी गाडी घेऊन कुणीही निघावे, मात्र मेकॅनिककडे जाताना नुसते ‘गाडी गरम होते’ असे सांगू नये. कोंडीत तापते की चढावर? सपाटीला वेगात असताना काटा कुठे असतो? हळूहळू चढतो की एकदम? पंखा लागतो का, आणि किती वेळात थांबतो? पाणी कमी होते का, आणि खाली डाग पडतो का? इतके सांगितले की चांगल्या मेकॅनिकचे अर्धे काम होते, आणि अर्धवट शिकलेल्या मेकॅनिकलाही विचार करावा लागतो.

चार दिवसांनी आम्ही परतलो. महाडला चवदार तळे पाहिले. मामूंच्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: कशेडी खेडकडून चढलो, काटा मध्यावर. सुकेळी, मध्यावर. पळस्पे कोंडी पाऊण तास, पंखा चार वेळा लागला, दर वेळी दीड मिनिटात बंद. पाणी कमी नाही. पुठ्ठा कोरडा.